उपाशीपोटी

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी
चहासुद्धा न घेता निघायचं.
वडगावातले माग अजून गप्प असतात.
आई दारातून विचारते, फाईल घेतलीस?
घेतली.
फाईलीत माझं रक्त आहे, आकड्यांत.

गोळीनं आवाज घालवले, हे खरं.
चौदा वर्षं भिंतीत राहिलेली माणसं
एका दिवाळीच्या सुमाराला उठून गेली,
भाडं न देता.
जाताना भूक तेवढी ठेवून गेली.
रात्री दोनला मी भाकरीच्या बुट्टीपाशी,
अंधारात, उभ्यानंच, कालवणाशिवाय.
विजारीची नाडी पुरेना.
डॉक्टर कागदावर बोट ठेवून म्हणाले,
डोकं निवळलंय, मोनाप्पा,
पण रक्त गढूळ होत चाललंय.
साखर दोनशे बारा.
चरबीचा आकडा मी आईला सांगितला नाही.

गोळी सोडायची नाही.
सोडली की काय होतं ते घरात सगळ्यांना माहीत आहे:
मागच्या खेपेला मी मागावरचा ताणा कापला,
आख्खा.
साडी अर्धीच राहिली, कुणाच्या तरी लग्नाची.

मग लिहून दिलं: व्यायाम, देखरेखीखाली.
देखरेख.
शब्द तीनदा वाचला.
डॉक्टर, माझा आजारच तर तो होता,
की कोणीतरी बघतंय,
पावलं मोजतंय,
लिहून ठेवतंय.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात, सकाळी साडेसहाला,
शिवलीला मॅडम बघतात.
पावलं मोजतात.
लिहून ठेवतात.
गळ्यात शिट्टी,
नाडी धरताना बोटं थंडगार,
आणि धाप लागली तर आधी त्यांनाच कळतं, मग मला.

आम्ही पाच जण.
लुमाण्णा कंग्राळीचा,
प्रत्येक झाडाला हात लावल्याशिवाय पुढं सरकत नाही.
मॅडम त्याच्या झाडांचा वेळ वेगळा धरतात.
फिलोमिना खानापूरहून पहिल्या बसनं येते,
बूट भावाचे, पुढं कापूस कोंबलेला.
बाकी दोघं बोलत नाहीत. बोलायची सक्ती नाही.

मोजणी कन्नडात.
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.
माझे आवाज मराठी होते,
शुद्ध, बातम्या दिल्यासारखे.
त्यांना कन्नड येत नव्हतं.
अजून एखादा उरलासुरला कानाशी आला
तर मी मोठ्यानं म्हणतो, ऐदु, आरु,
आणि तो दारातच घुटमळतो,
कचेरीतून अर्ज परत आलेल्या माणसासारखा.

तिसऱ्या फेरीला पाय धोट्यासारखे चालतात,
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
मधे काय विणलं जातंय ते दिसत नाही.

परवा शाळेतला एक जण भेटला, टोपी घालून.
काय करूलास रे इथं?
चालूलोय. साखर हाय.
साखर म्हटल्यावर तो जवळ आला,
खांद्यावर हात ठेवून स्वतःचा आकडा सांगितला,
बायकोचा, सासऱ्याचासुद्धा.
चौदा वर्षांत
माझ्या आजाराबद्दल कोणी इतक्या जवळून बोललं नव्हतं.
दुसऱ्या आजाराचं नाव मी काढलं नाही.
परत जाताना कुंद्याच्या दुकानापुढून दोघंही
श्वास धरून गेलो.

या गुरुवारी एकशे एकसष्ट.
मॅडमनी आकड्याखाली रेघ मारली, लालऐवजी निळी.
आई म्हणाली, म्हणजे गोळी कमी होणार?
नाही आई.
गोळी तेवढीच. चालणं तेवढंच.

एकदा मॅडम आल्या नाहीत.
बाकावर वही नाही, शिट्टी नाही,
निलगिरीची सालं तेवढी पडलेली.
थोडा वेळ आम्ही उभेच राहिलो.
मग फिलोमिना निघाली, तिच्यामागं आम्ही.
कोणी बघत नव्हतं.
आयुष्यात पहिल्यांदा मला याची खात्री होती,
आणि तरी पाचव्या फेरीला मी मान वळवून
बाकाकडं पाहिलं.

मागं लुमाण्णा झाडाला हात लावून उभा होता.
मी थांबलो.
त्याचा वेळ वेगळा धरला.